नाव घ्यायचे रविवार

मानवत रोड मागे पडलं की गाडीच्या दोन्ही अंगांना ज्वारी लागते. गेल्या आठवड्यात पाहिलं, तर कणसं बाहेर पडून दाण्यात चीकही भरायला लागला होता. समोर बसलेल्या एका आजोबांनी शेजारच्याला सांगितलं की औंदा ज्वारी लय चांगली हाय, फक्त पाखरं हाकलायला माणूस पाहिजे. मी डबा उघडून पोळीचा घास मोडत होते. तो तसाच परत ठेवला आणि डबा झाकला.

लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकलेले गरम दाणे, तिळाची चटणी, बोटांना संध्याकाळपर्यंत राहणारा धुराचा वास. मलाही आठवतो, मी काही वेगळ्या मातीची नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हे दिवस मला लहानपणापासून आवडायचे. दुपारी अंगणात बसलं की उठावंसं वाटत नाही, बोरं पिकलेली असतात, आणि आमच्या भागातलं ऊन वर्षातून एकदाच माणसाशी नीट वागतं. पण गेल्या वर्षीपासून ज्वारी दाण्यावर आली की मला माझंच हसू ऐकू येतं. झरीच्या एका घरात, पंचवीसेक बायांच्या पुढं, मी हसले होते. बाकी काही केलं नाही. नुसतं हसूनसुद्धा दुसऱ्याचं वाटोळं करता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मी सेलूला एका कचेरीत कारकून आहे. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही, घरात आई आणि मी. वडील शिक्षक होते आणि विहारात पेटी वाजवायचे. ती पेटी आणि तिच्यावर चालणारी बोटं एवढं त्यांनी मला ठेवलं. कचेरीत मी कमी बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, या एका म्हणीवर मी आयुष्य काढलं. आपल्याला काय आवडतं, कोण आवडतं, हे मला सतराव्या वर्षीच कळलं होतं. पण मूठ इतकी वर्षं झाकली की ती उघडता येते हेच मी विसरले.

परभणीला बाईंच्या गच्चीवरच्या खोलीत आमचं मंडळ भरतं. बाई म्हणजे शकुंतलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका. दारावर 'महिला गीत मंडळ' अशी पाटी आहे. ती खोटी नाही, फक्त अपुरी आहे. बाईंच्या मुलीनं एकदा पुण्याहून फोन करून सांगितलं की ती जिच्यासोबत राहते ती नुसती मैत्रीण नाही, तिच्यासोबतच तिला जन्म काढायचा आहे. बाई आठ दिवस रडल्या. नवव्या दिवशी त्यांच्या मनात आलं की आपली पोरगी निदान सांगू तरी शकली. इथं परभणीत, जिंतुरात, पाथरीत अशा ज्या असतील त्या कुणाला सांगत असतील? त्यातून हे मंडळ निघालं. ज्यांचा जीव बाईवर बसतो अशा बाया आणि त्यांच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या बाया, सगळ्यांनी मिळून गायचं. वर्तमानपत्रात यासाठी समलिंगी असा शब्द असतो. तो वाचला की मला दवाखान्यातला कागद आठवतो. बाईंच्या खोलीत तो शब्द कधी लागला नाही, कारण तिथं नियम एकच आहे. कोण कोणत्या बाजूची, हे विचारायचं नाही.

या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा मी उचलला. सगळ्या मला बाजूनं उभी राहणारीच समजायच्या आणि मी समजू दिलं. पेटीच्या मागं बसलं की माणूस तसंही अर्धं झाकलेलं असतं.

नसीमआपा मात्र खरोखरच बाजूनं उभ्या राहणाऱ्या. त्या शिवणक्लास चालवतात. त्यांच्या धाकट्या बहिणीचा जीव एका मैत्रिणीवर होता. तिचं घाईनं लग्न लावून दिलं, तेव्हापासून ती कुणाशी धड बोलत नाही. तिच्या वाटणीचं मी गाते, असं आपा सांगतात. पहिल्या रविवारी आम्ही सात जणींनी मिळून जे काही गायलं ते संपल्यावर त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "बनी तो बनी, नहीं तो परभनी." आमचं ते ब्रीदवाक्यच झालं.

आमच्याकडच्या बायांना आवाज नाही असं कोण म्हणेल? या बांधावरून हाक मारली तर चौथ्या बांधावरची बाई वळून बघते. पण चार लोकांत गा म्हटलं की तोच आवाज पदराखाली जातो. बाईंनी त्यावर उपाय काढला. आपल्याकडं बाईला चारचौघांत मोठ्यानं बोलायला लावतात ते नाव घ्यायला. लग्नात, ओटीभरणात, हळदीकुंकवात दार अडवून नवऱ्याचं नाव घे म्हणतात, आणि ती लाजत का होईना, उखाणा खणखणीत घालते. म्हणून आमची तालीम नाव घेण्यानं सुरू होते. मी पेटीवर काळी चार या पट्टीचा सा धरायचा आणि एकेकीनं त्या सुरात उखाणा घालायचा. नाव कुणाचंही चालतं. नवऱ्याचं, गेलेल्या आईचं, लेकीचं, म्हशीचं. किंवा जिच्यावर जीव आहे त्या बाईचं. नाव घ्यायचं नसेल तिनं नुसतं 'पुढं' म्हणायचं, की शेजारची सुरू करते. नसीमआपा शिलाई मशीनचं नाव घेतात आणि त्यांचा नवरा बिचारा घरी उचकीची वाट बघत असेल म्हणून आम्ही त्यांना चिडवतो. मी दर रविवारी सगळ्यांसाठी सा धरायचे, आणि माझी पाळी आली की म्हणायचे, पुढं.

मुक्ता दसऱ्यानंतर यायला लागली. झरीची. काळीपिवळी जीपमधून उतरायची तेव्हा चपलांना रानातली काळी माती असायची आणि ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर घासूनच वर यायची. तेहतीस वर्षांची, येलदरीकडच्या एका गावात दिलेली, दोन वर्षं नांदून माहेरी निघून आलेली. नवऱ्याबद्दल मी विचारलं तर म्हणाली, "मानूस वाईट न्हाई, मॅडम. मारत न्हाई, पीत न्हाई. पन मी तिथं नसतेच." भाऊ शेती बघायचा, वहिनी घर बघायची, आणि मुक्ताला परत कसं लावून द्यायचं हे दोघं मिळून बघायचे. पहिल्या दिवशी बाईंनी तिला नाव घ्यायला सांगितलं तर तिनं म्हशीचं घेतलं.

"हरभऱ्याच्या रानात उतरलं धुकं,
चंद्रीचं नाव घेते, बाकी सगळं सुकं."

पुढचे कितीतरी रविवार चंद्रीचेच गेले. तालमीनंतर मुक्ता मला स्टेशनापर्यंत सोडायला यायची. वाटेत बोरं घ्यायची, किडकी निघाली की विकणारीशी वाद घालायची आणि जिंकायची. मला मॅडम म्हणायची ती सुजाता कधी म्हणायला लागली, हे मला नेमकं सांगता येणार नाही. पण त्या संध्याकाळी मी आईला लागोपाठ दोनदा चहा करून दिला आणि आई म्हणाली, काय झालंय तुला? एवढं आठवतं. एकदा ती कोवळ्या कणसांची पेंढी घेऊन थेट सेलूला आमच्या घरी आली. आईनं मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवल्या. तिघींनी हुरडा खाल्ला. गेल्यावर आई म्हणाली, पोरीचा हात चांगला आहे, एक दाणा सांडला नाही तिनं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी सा धरला आणि मुक्ता माझ्याकडं बघतच म्हणाली,

"ज्वारीच्या कणसात भरला दाना,
सुजाताचं नाव घेते, काय म्हनायचं ते म्हना."

कुणी काही म्हटलं नाही. नियमच तसा. आपांनी फक्त गळ्यातली मापाची टेप सारखी केली. पाळी माझी होती. माझं बोट काळी चारवर होतं, सूर चालू होता, खोलीत एकही माणूस असं नव्हतं की ज्याची मला भीती वाटावी. मला इतका आनंद झाला होता की मी भाता उगाचच जोरात मारत होते. मी म्हणाले, पुढं.

स्टेशनावर तिनं विचारलं, "तू कवा घेनार?" मी म्हटलं, रथसप्तमी होऊ दे. रथसप्तमीच का, ते मलाही माहीत नव्हतं. कचेरीत फाइल पुढं ढकलायची असली की आम्ही अशीच एखादी तिथी सांगतो.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी तिच्या वहिनीचं हळदीकुंकू होतं. मुक्तानं घरी सांगितलेलं होतं की आपण परभणीला गाणं शिकतो. वहिनी म्हणाली, मग बोलव तुझ्या मंडळाला, चार गाणी होतील. बाकीच्यांना जमलं नाही. बाई, नसीमआपा आणि मी, मांडीवर पेटी घेऊन, जीपमधून गेलो. बोलावण्यामागचं खरं कारण तिथं गेल्यावर दिसलं. मुक्ताच्या नवऱ्याची आत्या आली होती आणि ओसरीवर मधोमध खुर्ची टाकून बसली होती. मुक्तानं सगळ्या बायांसमोर नवऱ्याचं नाव घ्यायचं, की आत्यानं तिची ओटी भरायची, असं घरात ठरलं होतं. नाव घेतलं म्हणजे नांदायला तयार. जातेस का, असं तिला कुणी विचारणारच नव्हतं. मुक्तानं पेटी ठेवायला मदत करता करता हे सगळं मला तीन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, मी घेणार नाही.

कुंकवाचा करंडा आमच्यापर्यंत आला आणि आम्हा तिघींना वळसा घालून पुढं गेला. बाई विधवा, आपा मुसलमान, मी बौद्ध आणि वर बिनलग्नाची. चहा आला तेव्हा बाईंना स्टीलचा पेला होता, आपांना आणि मला कागदी कप. आपांनी माझ्या कपाकडं पाहिलं, मी त्यांच्या, आणि आम्ही दोघी गालात हसलो. सवयीचं होतं. सवयीचं असलं तरी माणूस अंग चोरून बसतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या ओसरीवर मी किती लहान होऊन बसले होते, तेवढंच सांगते आहे.

दोन गाणी झाली. मग आत्या म्हणाली, "बास झालं गानं. मुक्ता, नाव घे." बाया सरसावून बसल्या. मुक्ता उभी राहिली, जमिनीकडं बघत, ओठ घट्ट मिटून. आणि मी, मनात काहीही नसताना, सा धरला.

सवय, दुसरं काही नाही. 'नाव घे' ऐकलं की माझं बोट काळी चारवर जातं. इतक्या रविवारांनी बोटाला तेवढंच शिकवलं होतं. मुक्ताच्या गळ्यालाही तेच शिकवलं होतं. सूर ऐकून तिनं मान वर केली आणि तिच्या तोंडून तेच आलं, ज्वारीच्या कणसात भरला दाना. 'सुजाताचं' म्हणताना ती जराशी अडखळली, म्हणजे काय होतंय ते तिला तिथं कळलं होतं. तिला थांबता आलं असतं. ती थांबली नाही. काय म्हनायचं ते म्हना, इथपर्यंत सगळं म्हणाली.

गोठ्यात चंद्रीनं साखळी हलवली ते ऐकू आलं. कुणीतरी विचारलं, कोण सुजाता, आणि वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मुक्ताही माझ्याकडंच बघत होती. ती घाबरलेली नव्हती. वाट बघत होती.

मी हसले. मोठ्यानं, साहेबांच्या विनोदाला हसतात तसं. "थट्टा हाय हो ती आमच्या तालमीतली," मी म्हणाले, "सवयीनं निघालं तोंडातून. मुक्ता, घे की आता नवऱ्याचं."

मी हसले म्हणून आत्या हसली, आत्या हसली म्हणून सगळ्या हसल्या. मुक्तानं नवऱ्याचं नाव घेतलं. नुसतं नाव. उखाणा नाही, सूर नाही. आत्यानं ओटी भरली आणि माझ्या हातावर कुणीतरी तिळगूळ ठेवला.

परतताना परभणीत जीपमधून उतरल्यावर बाई म्हणाल्या, "तू तिला वाचवलंस असं सांगणारे तुला भेटतील, सुजाता. मी त्यांच्यातली नाही." मी स्वतःला तसं सांगून बघितलं आहे. नसते हसले तर काय झालं असतं? भावानं हात उचलला असता. मंडळ बंद पडलं असतं. बाईंच्या दारावर दगड आले असते. हे सगळं खरं असू शकतं. पण हसताना माझ्या मनात यातलं काहीच नव्हतं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं एवढंच माझ्या मनात होतं. मुक्ता येलदरीकडं गेली ती रथसप्तमीला.

तीन महिने काही कळलं नाही. मग एका रविवारी बरोबर तीन वाजता बाईंच्या फोनवर मिसकॉल आला. बाईंनी उलट फोन लावला. पलीकडून मुक्ता म्हणाली, "मी हाय. चालू द्या." त्यानंतर दर रविवारी हेच. आम्ही फोन सतरंजीच्या मध्ये ठेवतो आणि तालीम करतो. ती गात नाही, नाव घेत नाही, माझी चौकशी करत नाही. फक्त ऐकते. उन्हाळ्यात पलीकडून कोंबड्या ऐकू यायच्या. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी. आणि आता या महिन्यात पत्र्याचा डबा ऐकू येतो, कारण ती दुपारभर ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून पाखरं हाकलते. डबा इतका एकसारखा वाजतो की आपा त्याच्यावर ठेका धरतात. आणि माझी पाळी आली की, तिच्या कानादेखत, मी म्हणते, पुढं.

वर्षभर म्हणत आले. का, ते मला विचारू नका. आधी वाटायचं, आता कोणत्या तोंडानं घेऊ. मग वाटायला लागलं, आता घेऊन काय उपयोग, वरातीमागून घोडं. भित्र्या माणसाला कारणांचा तोटा नसतो.

काल रविवार होता आणि गाडी रद्द झाली. मी स्टेशनावरून घरी परत आले. बाईंनी फोन करून सांगितलं की घरूनच पेटी वाजव, मी सगळ्यांचे फोन जोडते. मुलीनं त्यांना ते शिकवलंय. वडलांची पेटी मी ओसरीवर आणली. आई समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आमची तालीम तिनं कधी ऐकलेली नव्हती. तिला फक्त एवढंच माहीत की पोरगी रविवारी गाण्याला जाते.

तीन वाजले. "मी हाय. चालू द्या," मुक्ता म्हणाली, आणि मागं डबा वाजायला लागला. मी सा धरला. बाईंनी मुलीचं नाव घेतलं. आपांनी मशीनचं घेतलं. आई सोलता सोलता हसली, म्हणाली, हे बरंय तुमचं. मग बाई म्हणाल्या, सुजाता.

आईच्या समोर 'पुढं' म्हणणं सगळ्यात सोपं होतं. त्या शब्दासाठी तोंड उघडलंही होतं. पण समोर सुपात तुरीचे हिरवे दाणे होते, फोनमधून डबा वाजत होता, आणि मला एकदम झरीची ती ओसरी दिसली, आणि मुक्ता कशी बघत होती ते दिसलं. ती घाबरलेली नव्हती. माझं बोट काळी चारवरच होतं.

"वडलांच्या पेटीवर धरला सूर,
मुक्ताचं नाव घेते, माझीच हाय कसूर."

माझा आवाज फाटला. उखाणा काही फार चांगला नाही, हेही मला कळलं. पुढं असं कुणीच म्हणालं नाही. आईचा हात शेंगेवर थांबला होता. आणि फोनमधला डबा थांबला होता. मी बोट उचललं नाही, सूर तसाच चालू ठेवला, भाता मारत राहिले. यानं काही भरून निघत नाही, मला माहीत आहे. ती तिथं आहे आणि मी इथं आहे, आणि ती तिथं आहे ती माझ्यामुळं.

"कनसं घिऊन आलती, ती का?" आईनं विचारलं.

मी मान हलवली.

आईनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. माझ्याकडं बघितलं नाही. "मग इतके दिस नुसती पेटीच वाजवायलीस व्हय," ती म्हणाली.

फोन चालूच होता. येलदरीकडच्या त्या रानात पाखरांचा कालवा वाढत चालला होता, आणि त्यांना हाकलायला अजून कुणी डबा वाजवला नव्हता.